चुंबकाला चिकटलेला रुपया: घरातली सोन्या-चांदीची नाणी कशी पारखावीत

प्रश्न असा आहे: वडील गेल्यानंतर कपाटात एक डबा निघाला. त्यात अकरा जुने रुपये, दोन गिन्न्या (ब्रिटिश सोन्याची नाणी), एक पुतळी (सोन्याचे छोटे जुने नाणे) आणि काही वर्षांपूर्वी बँकेतून घेतलेले १० ग्रॅमचे सोन्याचे नाणे आहे. शेजारच्या काकांनी चुंबक लावून पाहिला, तर एक रुपया चटकन चिकटला. ते म्हणाले, एक खोटा निघाला म्हणजे सगळेच तसले असणार, मोडीत घालून टाका. सराफाकडे जाण्याआधी घरी काय पाहता येईल, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, मोडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो चिकटलेला रुपया हातात घ्या आणि त्यावरचे साल वाचा. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला वाघ आणि साल १९४७ असेल, तर तो रुपया अस्सल आहे. त्याने चुंबकाला चिकटायलाच हवे, कारण तो निकेलचा आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेनाशी झाली. म्हणून १९४६-४७ मध्ये अधेल्या-पावल्या (अर्ध्या आणि पाव रुपयाची नाणी) आणि १९४७ मध्ये रुपया निकेलमध्ये पाडला गेला. वाघाचा रुपया चिकटला नाही, तर उलट शंका घ्यायची. काकांनी चुंबक लावला यात काही चुकले नाही. साल न वाचता लावला, एवढेच चुकले.

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चौतीस वर्षे बसतो. लोक नाणे पुढे ठेवतात आणि विचारतात, "खरे का खोटे?" त्या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. धातू खरा आहे का, हा एक. नाणे खरे आहे का, हा दुसरा. सोने अस्सल असून नाणे नकली असू शकते आणि नाणे अस्सल असून त्यात चांदी निम्मीच असू शकते. तुमच्या डब्यात दोन्ही तऱ्हा निघायची शक्यता आहे.

रुपयांपासून सुरुवात करू. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या मुलखाला एकच रुपया लागू केला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळा हे माप या रुपयाशीच बांधलेले होते. आमच्या आजोबांच्या दुकानात तोळ्याचे वजन नसले, की पारड्यात बंदा रुपया टाकत. हल्ली बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळे पुष्कळांना जुना रुपया दहा ग्रॅमचा असावा असे वाटते. दहा ग्रॅमचा "राणी छाप", म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया, दिसला, तर तिथेच थांबायचे. हेच प्रमाण आणि हेच वजन १९३९ पर्यंत टिकले. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. बाकी ४० टक्के तांबे, थोडे निकेल, थोडे जस्त. वजन मात्र तेच ठेवले. याच काळात नकली नाण्यांना आळा म्हणून रुपयाच्या दातेरी कडेत मधोमध नक्षीची खाच आली. म्हणजे १९४२ चा रुपया टंचात (शुद्धतेच्या मापात) निम्मा उतरला, तर तो खोटा ठरत नाही. तो तसाच पाडलेला आहे.

साल वाचण्याने आणखी एक फायदा होतो. व्हिक्टोरिया राणी १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. त्याआधीच्या रुपयांवर "व्हिक्टोरिया क्वीन" आणि त्यानंतरच्यांवर "व्हिक्टोरिया एम्प्रेस" असे इंग्रजीत लिहिलेले असते. दिवाळीच्या आधी रस्त्यावर जे चकचकीत राणी छाप विकतात, त्यांत "क्वीन" आणि १८८५ असे एकत्र असलेले नाणे मी स्वतः पाहिले आहे. ते ओळखायला तराजूसुद्धा लागला नाही. १८६२ साल असलेला रुपया मात्र भरपूर सापडतो आणि त्याचे कारण साधे आहे: पुढची बारा वर्षे टांकसाळींनी तेच साल ठेवून रुपये पाडले. व्हिक्टोरियानंतरच्या एडवर्ड राजाचे डोके बोडके असते, त्यावर मुकुट नसतो, हे पाहून काही लोक घाबरतात. घाबरू नका, ते तसेच आहे. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांत ओरड झाली आणि पुढच्या वर्षी त्याची सोंड सुधारली. या दोन्हींना संग्राहक वेगवेगळा भाव देतात. १९३९ चा रुपया चांगल्या चांदीचा शेवटचा आणि फार दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला भरपूर. शेजारच्या सालाचा शेवटचा आकडा खरवडून ९ केलेला असतो. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जमीन (नाण्याचा मोकळा सपाट भाग) बाकीच्या जमिनीपेक्षा खोल किंवा जास्त गुळगुळीत दिसते.

आता वजन. शंभर ग्रॅमपर्यंत ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नसतो, तो घ्या. वापरून झिजलेला खरा रुपया साधारण ११.४० ते ११.६६ च्या दरम्यान भरतो. अधेली ५.८३, पावली २.९२. झीज फार दिसत असताना वजन पुरे भरत असेल, तर तेही खटकायला हवे. नाणे झिजले तर चांदी कुठेतरी गेली असणारच. वजन जास्त भरले, तर कड पाहा. आपल्याकडे रुपयांना कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होती. कडी काढली तरी डाक (जोडासाठी वितळवलेला धातू) तिथेच राहतो. असे नाणे खरे असते, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते.

वजनाला मापाची जोड दिली, की खोट्याची पंचाईत होते. कारण सोने आणि चांदी जड धातू आहेत. हलक्या धातूत तेवढेच वजन बसवायचे, तर नाणे जाड किंवा रुंद करावे लागते. मापात ठेवले, तर वजन घटते. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त, त्यात चांदी नावालाही नसते. त्याचा रुपयाएवढा तुकडा साडेनऊ-दहा ग्रॅमच भरतो. गिन्नीचा हिशेब तर आणखी सोपा आहे. अस्सल गिन्नी ७.९९ ग्रॅम, रुंदी २२.०५ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. पितळेची गिन्नी त्याच रुंदीत आणि त्याच वजनात करायची, तर ती तीन मिलिमीटर जाड होईल, दोन गिन्न्या एकावर एक ठेवल्यासारखी. इंग्लंडात दुकानदार यासाठी पितळेचा एक छोटा झुलता काटा ठेवत. नाणे त्याच्या फटीत बसले पाहिजे आणि काटाही झुकला पाहिजे. फटीत बसले पण काटा झुकला नाही तर हलके, काटा झुकला पण फटीत बसले नाही तर जाड. ब्रिटिश मोहर (सोन्याचे नाणे) आणि रुपया यांचे वजन एकच, ११.६६ ग्रॅम. पण रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि मोहर सुमारे २६. मोहर आणि रुपया शेजारी ठेवून पाहिले, की सोने किती जड असते ते डोळ्यांना कळते. रुपयालाच सोन्याचा मुलामा देऊन मोहर म्हणून विकणारे अशा वेळी रुंदीतच सापडतात.

आता पाण्याची चाचणी, घरी करण्यासारखी सगळ्यात उपयोगी. नाण्याला ओरखडा येत नाही, तेजाब (तीव्र आम्ल) लागत नाही. आधी नाणे कोरडे तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण पाण्यात सोडा, पण ते तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, येणारे उत्तर म्हणजे धातूची घनता. १९३९ पर्यंतच्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवे, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचे साडेनऊच्या आसपास, जर्मन सिल्व्हरचे साडेआठ-पावणेनऊ. गिन्नीचे १७.६, शुद्ध सोन्याचे १९.३.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण यात लोक फसतात. खरा रुपया पाण्यात १.१३ दाखवतो आणि त्याच मापाचा खोटा रुपयाही १.१३ च दाखवतो. पाणी फक्त आकारमान सांगते. भागाकार केल्याशिवाय काही कळत नाही. पाण्यात नाण्याला बुडबुडे चिकटले, तर उत्तर हलके येते, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणे हलकेच हलवून घ्या. गिन्नीसारख्या लहान नाण्याला ०.०१ चा काटा जेमतेम पुरतो. ०.४५ चे ०.४६ झाले, तरी उत्तर बरेच सरकते. दोन गिन्न्या एकाच दोऱ्यात बांधून तोलल्या, तर चूक निम्म्यावर येते. पण आधी दोघींचे वेगवेगळे वजन आणि रुंदी जुळली पाहिजे.

मग आवाज. "खणखणीत नाणे" हा शब्द आपल्या भाषेत उगाच आला नाही. नाणे बोटाच्या टोकावर तोला आणि पेन्सिलीने कडेला हलकेच टिचकी मारा. चांदीचा स्वर गोड आणि लांब चालतो, कानात काही क्षण राहतो. शिसे मिसळलेले किंवा ओतलेले नाणे बद्द वाजते. फरशीवर आपटून पाहू नका, कडेला मार बसतो. या चाचणीची मर्यादाही सांगतो: जर्मन सिल्व्हर बऱ्यापैकी वाजते आणि डाक लागलेले किंवा बारीक चीर गेलेले खरे नाणे बद्द वाजते. म्हणून ज्याची खात्री आहे असा एक रुपया शेजारी घेऊन दोघांचे आवाज जुळवायचे. वाघाचा निकेलचा रुपया सोडून तुमच्याकडे दहा आहेत. नऊ एकसारखे वाजले आणि एक वेगळा, तर त्या एकाकडे बघायचे.

आणि एकाच चाचणीवर का थांबायचे नाही, तेही सांगतो. शिसे चांदीपेक्षा जड, कथिल चांदीपेक्षा हलके. दोन्ही हिशेबाने मिसळले, तर पाण्याची चाचणी फसवता येते. पण ते मिश्रण वाजत नाही आणि नखाने दाबले तरी मऊ लागते. चुंबकाला लोखंड आणि निकेल सापडते, पितळ, तांबे, शिसे सापडत नाही. बर्फ नाण्यावर पटकन वितळला म्हणजे चांदी, असे सांगणारे व्हिडिओ फिरतात. तांबेही जवळजवळ तितकीच उष्णता वाहून नेते, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. खोटे नाणे एखादी चाचणी पार करते. वजन, माप, घनता आणि आवाज या चारही एकाच वेळी पार करणे त्याला फार जड जाते.

भिंग घ्या, दहापट मोठे दाखवणारे. टांकसाळीत नाणे ठशांमध्ये दाबून पाडतात. त्यामुळे मोकळी जमीन सपाट असते आणि अक्षरे तिच्यातून सरळ भिंतीसारखी उठतात. साच्यात ओतलेल्या नाण्याची जमीन देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची असते, अक्षरांचे पाय विरघळल्यासारखे दिसतात आणि कडेला साच्याच्या दोन भागांचा सांधा किंवा तो कानशीने घासल्याच्या तिरक्या रेघा दिसतात. झीजही पाहायची असते. खरे नाणे खिशात, गल्ल्यात, थैलीत घासते तेव्हा आधी उंचवटे झिजतात: गाल, केस, मुकुटाचे टोक. कडेजवळची अक्षरे आतल्या जमिनीसारखी जपलेली राहतात. खोट्यात सगळेच सारखे पुसट असते, गालही आणि अक्षरेही. काळेपणावर विश्वास ठेवू नका. चांदी गंधकाने काळी पडते आणि गंधक लावून ती एका दिवसात काळी करता येते. आणि कृपा करून रुपये चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. संग्राहक घासलेले नाणे घेताना भाव पाडतो आणि भिंगाला दिसणाऱ्या खुणाही त्यात जातात.

तुमच्या रुपयांत पेशवाईतला किंवा मोगली रुपया असेल, तर त्यावर बारीक ठोकलेल्या खुणा दिसतील. त्या पाहून कुणी नाणे खराब आहे म्हणाले, तर ऐकू नका. त्या जुन्या सराफांच्या पारखीच्या खुणा आहेत. त्या काळी प्रत्येक संस्थानाची, प्रत्येक टांकसाळीची चांदी वेगळी. सराफ नाणे पारखायचा, खूण ठोकायचा आणि हीण किती त्याप्रमाणे बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागणे हे आपण बोलतो ते तिथूनच.

आता पुतळी. ही माझी आवडती गोष्ट आहे. आपल्या पुतळीचा उगम व्हेनिसच्या सोन्याच्या डकाटमध्ये आहे. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात ख्रिस्त. आपल्या लोकांना त्या आकृत्या पुतळ्यांसारख्या दिसल्या, म्हणून नाव पडले पुतळी. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. ती इतकी विश्वासाची ठरली, की इथल्या सोनारांनी तिच्या नकला केल्या. त्यावरची लॅटिन अक्षरे आपल्या सोनारांना वाचता येत नव्हती, म्हणून ती नुसत्या काड्या आणि ठिपके होऊन बसली. आकृत्याही लांबुळक्या, काडीसारख्या झाल्या. अशी पुतळी नाणे म्हणून नक्कल आहे, पण सोने बहुधा चोख असते आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. तुमची पुतळी कुठली, ते अक्षरांवरून कळेल. पुतळीहारातल्या पुष्कळ पुतळ्या मात्र नाणे नसून पातळ पत्र्यावर ठसा उठवलेल्या असतात, काहींच्या आत लाखही असते. वजन एक-दीड ग्रॅमच भरले, तर फसवणूक झाली असे मानू नका, तो दागिन्याचा भाग आहे. लाखेच्या पुतळीला पाण्याची चाचणी लावू नका, उत्तर चुकेल आणि पाणी आत शिरेल.

गिन्नीच्या बाबतीतही असेच होते. १९५०-६० च्या दशकांत बैरूतमध्ये ब्रिटिश गिन्नीच्या नकला मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि त्यांत सोने खरे असायचे, कारण गिन्नीला सोन्याच्या भावापेक्षा जास्त किंमत मिळत असे. वजन, माप, घनता सगळे जुळते. फरक भिंगाखालीच: घोड्यावरच्या संत जॉर्जच्या पायाचे स्नायू मऊ आणि गोलसर, अजगराची खवले भरल्यासारखी, अक्षरे जाड. अशा गिन्नीत सोन्याचा भाव पूर्ण मिळतो, नाण्याचा जादा भाव मिळत नाही. घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या वर मधोमध बारीक इंग्रजी "आय" आहे का ते पाहा. ते असेल आणि साल १९१८ असेल, तर ती गिन्नी आपल्या मुंबईत पाडलेली आहे. मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच सालाच्या गिन्न्या पाडल्या गेल्या.

कसोटीबद्दल. काळ्या दगडावर नाण्याची कड घासून रेघ काढतात, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळीची रेघ काढतात आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडतात. पितळेची रेघ हिरवट फेस होऊन डोळ्यांदेखत नाहीशी होते, हीण जास्त असलेले सोने फिके पडते, बावीस कॅरेटची रेघ टिकून राहते. बघायला सुंदर असते ते. पण रेघ वरच्या थराची निघते. जाड मुलामा असेल तर सोन्याचीच रेघ येईल, म्हणून संशय असला की आम्ही कड किंचित कानसून आतल्या धातूची रेघ काढतो. जुन्या नाण्याला ती कायमची जखम असते. तुमच्या डब्यातल्या एकाही नाण्यावर कानस चालवू देऊ नका. घरी तेजाब आणू नका, वाफ आणि शिंतोडे दोन्ही घातक. ऑनलाइन मिळणाऱ्या तेजाबाच्या बाटल्यांच्या संचापासूनही लांब राहा.

हल्ली दुकानात एक्स-रेचे यंत्र असते, कॅरेट मोजणारे. नाण्याला काही होत नाही आणि मिनिटभरात टंच कागदावर येतो. चांगले यंत्र आहे, मीही वापरतो. पण त्याची नजर सोन्यात दहाएक मायक्रॉनपर्यंतच पोहोचते, केसाच्या जाडीच्या अगदी थोड्या भागाइतकी. साधे गिलीट पातळ असते, त्याखालचे तांबे किंवा निकेल यंत्राला दिसते. जाड थर मात्र यंत्राला फसवतो. म्हणून यंत्राचा कागद आणि पाण्याची चाचणी दोन्ही जुळवायच्या, यंत्र वरचे सांगते आणि पाणी आतले. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असते, हे ऐकून लोक फार घाबरलेले असतात. तो धातू इतका कडक आणि ठिसूळ आहे, की त्यावर नाण्याचा ठसा उठवता येत नाही. तो जाड बिस्किटाच्या पोटात दडवतात. तुमच्या लहान नाण्यांत त्याची भीती धरू नका. कुणी मोठे बिस्किट विकायला आणले, तर आतपर्यंत विद्युतवहन मोजणारे यंत्र किंवा ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे यंत्र असलेल्या ठिकाणीच ते तपासून घ्या. अगदी अखेरचा शब्द मुशीचा असतो. धातूचा छोटा तुकडा शिशासोबत तापवून हीण जाळतात आणि उरलेले सोने तोलतात. ते अचूक आहे, पण नमुना परत मिळत नाही, म्हणून घरच्या जुन्या नाण्यांना ते लावत नाहीत.

बँकेच्या नाण्याचे पाकीट फोडू नका. पाकिटावरचा क्रमांक आणि आतल्या कागदावरचा क्रमांक एक आहे का, कडा पुन्हा चिकटवल्यासारख्या दिसतात का, एवढे पाहा. वडिलांच्या कागदांत बिल सापडले, तर त्यासोबतच ठेवा. बँका नाणी विकतात पण परत घेत नाहीत, तेव्हा विकायची वेळ आली तर सराफाकडेच जावे लागेल आणि तिथे बंद पाकीट उपयोगी पडेल. २०२१ मध्ये हॉलमार्कची सक्ती झाली ती दागिन्यांना आणि सोन्याच्या वस्तूंना. नाण्यावर खूण नाही एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. २०१५ मध्ये आलेल्या भारत सरकारच्या सोन्याच्या नाण्यावर मात्र एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी आणि हॉलमार्क असतो.

आता जे सांगायला मी हे सगळे लिहायला बसलो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. रुमालाच्या गाठीत एक मोहर होती, मातीने माखलेली. मी तोलली, पाण्यात सोडली, कड पाहिली. अस्सल होती. "खरी आहे, सर," म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला आणि ते घाईने निघून गेले. नऊ दिवसांनी ते परत आले ते एक जड थैली घेऊन. त्यात दीडशेहून जास्त नाणी होती. मी पहिलेच हातात घेतले आणि उचलतानाच कळले. रुंद होते, हलके होते आणि नखाला कडेवर पिवळा थर खरवडून आला. सगळे पितळ. पायाचे खोदकाम करताना हंडा सापडला, असे सांगून दोघा मजुरांनी त्यांना नमुन्याला एक मोहर दिली होती, "कुठल्याही सराफाकडून पारखून आणा" असे स्वतःच म्हणाले होते. सरांनी निवृत्तीचे पैसे काढून दिले होते. ते माझ्या दुकानात बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. माझा शब्द त्या फसवणुकीचा भाग झाला होता. मी खरे बोललो होतो, पण मी एकाच नाण्याबद्दल बोललो होतो आणि ते मी त्यांना सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून कुणी एकच नाणे तपासायला आणले, की मी आधी विचारतो: हे तुमचे आहे का नमुना आहे? बाकीची कुठे आहेत? जे नाणे तुमच्या हातात राहणार आहे, तेच तपासायचे, आणि प्रत्येक तपासायचे. खोदकामात धन खरोखर सापडले असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, ते रातोरात कमी भावात विकता येत नाही. तांदूळ ओढणारे चमत्कारी नाणे, १८१८ साल आणि रामदरबार असलेले "कंपनीचे" नाणे, हे सगळे त्याच जातीचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. जत्रेत किंवा व्हॉट्सॲपवर कुणी "श्री राजा शिव" लिहिलेला सोन्याचा होन दाखवला, तर मन भरून येते हे मला कळते. अस्सल होन अतिशय थोडे उरले आहेत आणि ते असे थैलीतून निघत नाहीत.

तुमचे काम इतकेच करा. अकरा रुपये ओळीने ठेवा. एका कागदावर प्रत्येकाचे साल, वजन, रुंदी आणि पाण्याच्या चाचणीचे उत्तर लिहा. खरी आहेत अशी खात्री झालेली एकत्र ठेवा, न जुळणारी वेगळ्या पुडीत. तो कागद घेऊन सराफाकडे जा आणि त्याच्या काट्यावरचे आकडे तुमच्या आकड्यांशी जुळवा. सगळे तुमच्या नजरेसमोर व्हायला हवे, नाणी आतल्या खोलीत नेऊ देऊ नका. गिन्न्या आणि पुतळी नाण्यांच्या एखाद्या जाणकार संग्राहकालाही दाखवा, मोडीचा भाव आणि नाण्याचा भाव यांत फरक असतो. परदेशातल्या कुणाला त्यातले काही द्यायचा विचार असेल, तर शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येणार नाहीत. वाघाचा रुपया कागदावर अकरावा लिहा, त्याच्यापुढे "निकेल, १९४७" अशी नोंद करा आणि तो त्याच डब्यात परत ठेवा.